काच खाली घे! : पत्रिका वाटत सातारा ते सांगली

मामांच्या धाकट्या मुलीचं लग्न माघात ठरलं आणि पत्रिका वाटायला गाडीसकट माझी नेमणूक झाली. मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी कोरेगाव आणि सातारा आगारात. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून ते स्टिअरिंगला हात लावत नाहीत, शेजारच्या सीटवर बसून गाडी चालवतात. म्हणजे प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत असतो.

बेत साधा होता. औंधला यमाईपुढे पहिली पत्रिका ठेवायची, मग विटा, तासगाव, सांगली आणि येताना पलूसवरून कराड. डिसेंबर, उसाचा हंगाम ऐन भरात आणि मार्गशीर्ष असल्यामुळे पाहुण्यांकडे मटणाची आशा नाही, एवढी कल्पना होती. परत आल्यावर लोकांनी विचारलं तेव्हा देवळं, पूल, डोंगर सांगून झाले, पण बोलणं सारखं त्या रस्त्यांवरच्या माणसांकडेच वळत राहिलं. म्हणून हे लिहिणं मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

शुक्रवार : पुणे ते सातारा

महामार्गाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. टोल, ट्रक, खंबाटकीत पहिल्या गिअरवर कण्हत चढणारे कंटेनर. पुण्याहून जाताना घाट चढायचा आणि येताना बोगद्यातून सुटायचं, ही तेव्हाची नेहमीची वाटणी. शंभरावर किलोमीटरांत कुणी कुणाचं तोंड पाहिलं नाही.

साताऱ्यात मामांना घेतलं आणि संध्याकाळी राजवाड्याकडे निघालो. गाडीत बसल्या बसल्या पहिला हुकूम सुटला.

"काच खाली घे."

"मामा, एसी चालू आहे."

"डिसेंबरात एसी कशाला पायजे? काच वर असली की नुसती गाडी दिसती, माणूस दिसत न्हाई. आता कुणी हात केला तर मी काय आतनं काचेवर टकटक करू?"

काच खाली गेली आणि मामांचा डावा हात जो बाहेर गेला तो राजवाड्यापर्यंत आत आला नाही. रिक्षावाल्याला हात, दुधाच्या टेम्पोला हात, स्कूटरवरून भाजी नेणाऱ्या बाईंना मान झुकवून नमस्कार. मी विचारलं, हे सगळे कोण? "काय की. चेहरा बघितल्यागत वाटला." म्हणजे निम्मे ओळखीचे नव्हतेच. पण समोरून उत्तर मात्र प्रत्येकाचं आलं.

पोवई नाक्यावर आता ग्रेड सेपरेटर आहे. गाड्या जमिनीखालून जातात, कोंडी बरीच कमी झाली आहे आणि मला तो आवडतो. मामांना नाही. "खालनं गेलं की कोण भेटतंय?" असं म्हणून त्यांनी मला मुद्दाम वरून घ्यायला लावलं. वर सात-आठ मिनिटं गेली. त्यात मामांना एक जुना कंडक्टर भेटला. दोघांनी चालत्या गाड्यांतून एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी केली.

राजवाड्यापाशी एका बोळात गाडी उलटी लावायची होती. कॅमेरा आहे, सेन्सर आहे, मी आरामात लावली असती. पण रिव्हर्सचा दिवा लागल्याबरोबर पानपट्टीवरचा एक माणूस हातातला चुना तसाच ठेवून मागे येऊन उभा राहिला. "येऊ द्या, येऊ द्या... कट मारा... अजून मारा... येऊ द्या... बास!" आणि डिकीवर दोन थापा. मी आभार मानेपर्यंत तो परत पानपट्टीवर पोचलासुद्धा होता. पुण्यात हे करणाऱ्याला वीस रुपये द्यावे लागतात. इथे पैशाचं नाव काढलं असतं तर मामांनी मला तिथेच उतरवलं असतं.

कंदी पेढे घेतले, चार भिंतींवरून खाली गावाचे दिवे पाहिले आणि लवकर झोपलो. राजवाड्याच्या आसपास संध्याकाळी सहानंतर गाडी नेण्यात शहाणपण नाही. थोडी अलीकडे लावून चालत जावं. चढ आहे, पण गाव पायी जास्त कळतं.

शनिवार : कोरेगाव, रहिमतपूर, औंध, विटा

साडेसहाला निघालो. माहुलीच्या पुलावर कृष्णेचं धुकं इतकं दाट होतं की समोरच्या गाडीचा आधी उजेड यायचा, मग आवाज आणि सगळ्यात शेवटी गाडी. कानटोपी घातलेले मामा आणि खाली घेतलेली काच. बोटं बधिर झाली तेव्हा मी निमूटपणे हीटर पायांवर लावला.

समोरून लाल गाडी आली की मामा ताठ होत. एसटीचे ड्रायव्हर एकमेकांना ओलांडताना हात वर करतात हे सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. मला ती नुसती रामराम-शामराम वाटायची. त्यात बातमी असते हे आता कळलं. पूर्ण पंजा वर म्हणजे सगळं ठीक. पंजा खाली दाबत आणला की पुढे काहीतरी आडवं आहे, सावकाश जा. अंगठा मागे दाखवला की मागोमाग दुसरी गाडी येतेय. बोट हवेत गोल फिरवलं की पुढच्या थांब्यावर लाईन चेकिंग, म्हणजे तिकिटं तपासणारं पथक उभं. ही मामांच्या आगाराची भाषा. दुसऱ्या आगारात वेगळी असेलही. मोबाईल येण्याआधी सगळ्या मार्गाची खबर अशीच पुढे सरकायची.

'हात दाखवा, बस थांबवा' ही महामंडळाची योजना तुम्हाला आठवत असेल. मामांच्या मते योजना कागदावर आली इतकंच, बाकी त्या भागात गाडी नेहमीच हाताला थांबायची. "बाई डोक्यावर पाटी घिऊन हात करती. तिला काय सांगू, ताई, थांबा पुढं अर्ध्या किलोमीटरवर हाय?"

कोरेगावात चहा झाला, पण कुणाला पत्रिका दिली नाही. देवीच्या आधी माणसांना पत्रिका चालत नाही आणि कोरेगावचे पाहुणे नंतर मामी स्वतः करणार होत्या. वाघ्या घेवडा मात्र घेतला. इथल्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. दाण्यावर लालसर पट्टे असतात आणि आमटी अशी दाट होते की भाकरी बुडवायला जोर लावावा लागतो. आठवडी बाजाराच्या दिवशी गेलात तर थेट शेतकऱ्याकडून मिळतो.

पुढे मामांचा आवडता उद्योग सुरू झाला. समोरून दिवा लावून येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलला ते पाची बोटं उघड-मीट करून 'दिवा चालू आहे' असं सांगायचे. आता एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआपच लागतो, तो बंद करायचं बटणच नसतं. हे मामांना चांगलं ठाऊक आहे. तरीही हात उठतोच. मजा म्हणजे समोरची विशी-बाविशीची पोरंही मान डोलावून 'हो' म्हणतात. एकाने तर गाडी हळू करून ओरडून सांगितलं, "बंद हुईत न्हाई आबा, कंपनीनंच तसा दिलाय!" मामा खूश. स्टँड वर न घेतलेल्या दोघांना आणि ओढणी चाकाकडे लोंबणाऱ्या एका मुलीलाही त्यांनी त्याच सकाळी वाचवलं, तेव्हा ही बोटं अगदीच वाया जात नाहीत.

एक सावधगिरी इथेच सांगतो. पुढचा ट्रक किंवा ट्रॅक्टर उजवा इंडिकेटर देतो तेव्हा तो 'मला ओलांडून जा' म्हणत असेल, किंवा खरोखरच उजवीकडे वळणार असेल. दोन्ही अर्थ सर्रास चालतात आणि यातून अपघात होतात. हाताची खूण मात्र स्वच्छ असते: ड्रायव्हरने उजवा हात बाहेर काढून पुढे-मागे हलवला की वाट दिली. ही खूण लायसन्सच्या परीक्षेच्या पुस्तकात असायची. पुण्यात मी ती वर्षानुवर्षं पाहिलेली नाही. हात दिसला तर जा. नुसता दिवा दिसला तर मागे राहा. चहाला उशीर होईल, एवढंच.

रहिमतपूर सोडल्यावर आतल्या एका रस्त्याला लागलो आणि लिंबाखाली एक आजी हात करून उभ्या दिसल्या. मामा म्हणाले, थांब. आजींनी मागचं दार उघडलं, आधी पाटी आत सारली, मग स्वतः बसल्या आणि बसल्यावर विचारलं, "औंधाकडंच चाललाय न्हवं?" आमची गाडी त्यांनी वडाप, म्हणजे हात करून भाड्याने बसायची गाडीच धरली होती. पाटीत पेरू होते. पुढची पंधरा मिनिटं त्या मामांना लेकीच्या सासरची सगळी हकिकत सांगत होत्या आणि वाटेतल्या माणसांना खिडकीतून हाका मारत होत्या. उतरताना कमरेच्या पिशवीतून त्यांनी दहाची नोट काढली. मी नको नको म्हणतोय तोवर मामांनी पुढे वाकून ती घेतली आणि डॅशबोर्डवर ठेवली.

गाडी हलल्यावर मी तोंड उघडायच्या आत मामाच बोलले. "पैसं घेतलं न्हाईत तर पुढच्या टायमाला ती हात करायची न्हाई. उन्हात उभी ऱ्हाईल, पर फुकट बसायची न्हाई." चार पेरू मात्र त्या सीटवर ठेवून गेल्या होत्या. हिशोब कुणाच्या बाजूने झाला सांगता येत नाही.

थोडं पुढे रस्त्यावरच हुलगा पसरला होता. अर्ध्या रस्त्यावर वाळलेल्या वेलांचा जाड थर, कडेला दगड आणि दगडावर बसलेले दोघं नवरा-बायको. मी कडेने काढायला लागलो तर दोघंही उठून उभे राहिले. "त्येच्यावरनं घ्या की! कडंनं कशाला?" गाड्यांच्या चाकांखाली मळणी होते, त्यांची मजुरी वाचते. मामांनी मला एकदा पुढे, एकदा मागे आणि पुन्हा पुढे असं घ्यायला लावलं. पद्धत म्हणून धोक्याचीच आहे. मोटारसायकल त्या थरावरून घसरू शकते, रात्री तर दिसतच नाही. आणि वाळलेला पाला गरम सायलेन्सरला गुंडाळला तर पेट घेऊ शकतो. म्हणून पुढे जाऊन गाडी थांबवून खाली वाकून पाहिलं. तुम्हीही पाहा.

औंधला यमाईच्या मूळपीठाच्या डोंगरावर गाडी बरीच वर जाते, उरलेल्या पायऱ्या मामांनी माझ्या खांद्याच्या आधाराने चढल्या. पत्रिका देवीपुढे ठेवली, वरून चौफेर दुष्काळी माळ आणि मधूनमधून पाण्याचे हिरवे तुकडे पाहिले. खाली भवानी संग्रहालय आहे, औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं. रविवर्म्यांची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प इतक्या लहान गावात पाहून चक्रावायला होतं. तासाभरात उरकू नका. आम्हाला उरकावं लागलं, कारण जेवायला बोलावलं होतं. ज्वारीची भाकरी, खर्डा, वांग्याचं भरीत, घट्ट दही. पत्रिकेपेक्षा भाकऱ्यांवरच जास्त वेळ गेला.

पुसेसावळीकडून पुढे निघालो तेव्हा या सगळ्या प्रवासातला सर्वात अजब प्रकार घडला. रस्ता एकेरी डांबराचा. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या. मी साइडपट्टीवर उतरलो. भरलेल्याला रिकाम्याने वाट द्यायची, हा मामांचा पहिला नियम. (चढणाऱ्याला उतरणाऱ्याने द्यायची हा दुसरा; तो कायद्यातही आहे, पहिला नाही.) ट्रॅक्टर शेजारी आला आणि थांबला. वर बसलेला गडी मामांकडे बघून हसत होता. तो मामांच्या चुलत मेहुण्याचा मुलगा निघाला, ज्याच्या घरी आम्ही पत्रिका घेऊनच चाललो होतो.

"घरी कोन न्हाई मामा, समदी ऊसतोडीला रानात. हितंच द्या की."

मामांनी डबीतून कुंकू काढलं. ट्रॅक्टर उंच, मामा खाली, गुडघे वाकत नाहीत. तेव्हा तो गडीच चाकावर पाय ठेवून खाली वाकला आणि भर रस्त्यात त्याला कुंकू लागलं, अक्षता आणि पत्रिका मिळाली. एव्हाना त्याच्या मागे दोन मोटारसायकली, एक दुधाचा टेम्पो आणि त्यामागे वडूजकडे जाणारी एसटी उभी. कुणी हॉर्न वाजवला नाही. टेम्पोवाला उतरून पुढे आला, काय चाललंय ते पाहिलं आणि परत जाऊन मागच्यांना म्हणाला, "काय न्हाई, पत्रिका देत्यात." मग एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "नाना, आमाला न्हाई व्हय पत्रिका?"

झालं. मामा काठी टेकत एसटीपर्यंत गेले. ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली शिकलेला. त्याला पत्रिका, कंडक्टरला पत्रिका. टेम्पोवाल्याला वगळणं बरं दिसेना म्हणून त्यालाही. एसटीतल्या दोघी बायांनी मुलगी कुठली, मुलगा काय करतो, मांडव कुठे, सगळं विचारून घेतलं. आठ-दहा मिनिटं तरी रस्ता बंद होता. पुण्यात एवढ्या वेळात मारामारी होऊन मिटली असती.

मला हे सगळं लोभसच वाटलं असं मात्र नाही. त्या एसटीत कुणाला दवाखान्याची घाई असेल, कुणाची पुढची गाडी चुकली असेल. मी तसं म्हणालो. मामा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "असतं तर सांगितलं असतं की. सांगितल्यावर कोण आडवतंय?" हे त्यांचं म्हणणं मी तेव्हा मान्य केलं. आता लिहिताना वाटतं, न सांगणारीही माणसं असतात.

ट्रॅक्टरवर दिलेली पत्रिका मेहुण्यांच्या घरी मान्य झाली नाही, हे जाता जाता सांगून टाकतो. रात्री विट्याला फोन आला: "रस्त्यावर दिल्याली पत्रिका आमी धरत न्हाई, घरी या." मग रविवारी सकाळी उलटं जाऊन, पाटावर बसून, चहा पिऊन ती पुन्हा दिली.

रविवार : विटा, तासगाव, सांगली

विट्यात मामींच्या बहिणीकडे मुक्काम होता. सकाळी गल्लीत केरळच्या नंबरची एक गाडी उभी दिसली. मी मनाशी इंग्रजी जुळवत असताना आतून आवाज आला, "पावनं, गाडी म्हागं घिऊ का, निघताय व्हय?" विटा-खानापूर भागातली माणसं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. वर्षानुवर्षं दक्षिणेत राहिलेला हा गृहस्थ गावात आल्याबरोबर कोपर खिडकीबाहेर टाकून, प्रत्येकाला हात करत निघाला. तिकडेही असंच करता का, विचारलं. "तिकडं काच वर," तो म्हणाला.

तासगावच्या वाटेवर द्राक्षबागा सुरू होतात. डिसेंबरात मणी भरायला लागलेले असतात आणि आभाळ जरा झाकोळलं की बागायतदाराचा जीव टांगणीला. त्या दिवशी ढग होते. ब्लोअर जोडलेले ट्रॅक्टर औषध मारायला धावत होते. एका पाहुण्यांच्या बागेकडे जाणारा कच्चा रस्ता असा अरुंद की दोन्ही अंगांना चर. समोरून ब्लोअरवाला आला. त्याला घाई, आम्हाला काहीच नाही. मागे मीच जायला हवं होतं. पण रिव्हर्स पडायच्या आत तोच मागे सरकत गेला, चांगला शंभर-सव्वाशे फूट, मान वळवून, एका हाताने. बांधापाशी वाट दिली आणि वर म्हणाला, "तुमची गाडी खाली हाय, चेंबर लागंल चरात." जाताना मी हात केला, त्याने एक बोट स्टिअरिंगवरून उचललं. अनोळखी माणसाला एवढंच पुरतं.

तासगावात सात मजली गोपुराचं गणेश मंदिर पाहिलं. पटवर्धनांचं हे गोपुर दक्षिणेतून थेट उचलून आणल्यागत वाटतं. बेदाणा घेतला, बाजारात चव बघून घ्या, हिरवा आणि पिवळा दोन्ही, घासाघीस चालते.

सांगली जवळ आली तशी खूण कमी आणि हॉर्न जास्त होत गेला. मी मुद्दाम पाहत होतो. रस्ता चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला की समोरून येणारा माणूस पलीकडचा होतो. त्याला वाट द्यायची नाही, त्याच्याकडून घ्यायची नाही. मग बोट कशाला उचलेल? खेड्यातली माणसं मुळातच जास्त प्रेमळ असतात, असं मला वाटत नाही. एकेरी डांबरावर दुसऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, आणि रोज विचारावं लागलं की बोलणं वाढतं. मामांना हे पटलं नाही. "मग बोळात भांडणं बी हुत्यात की," ते म्हणाले. तेही खरंच.

सांगलीत गणपतीचं दर्शन, भडंग आणि संध्याकाळी आयर्विन पूल. १९२९ चा हा दगडी पूल म्हणजे सांगलीची मोजपट्टी; पावसाळ्यात 'आयर्विनला पाणी किती' एवढंच विचारतात. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. २०१९ मध्ये पाणी सत्तावन्नच्या वर गेलं. ज्यांच्याकडे पत्रिका द्यायला गेलो त्यांच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून ठेवली आहे, माझ्या डोक्याच्या वर. त्या दिवसांत शेजारच्या गावचा एक ट्रॅक्टरवाला त्यांना ट्रॉलीत बसवून बाहेर काढून गेला. नाव विचारायचं राहिलं. घरातल्या काकू म्हणाल्या, "तेव्हापास्नं ह्यांना ट्रॅक्टरला साईड द्यायला सांगावं लागत नाही."

वेळ असेल तर हरिपूरला जा. कृष्णा-वारणेचा संगम आहे, संगमेश्वराचं देऊळ आहे आणि वाटेवर झाडांची सावली. सांगली सपाट असल्यामुळे अजून बरीच वयस्क मंडळी सायकलवर दिसतात. त्यांच्यामागे हॉर्न वाजवू नका. ते दचकत नाहीत, पण थांबून, उतरून, सावकाश मागे वळून बघतात, आणि ते बघणं झेपत नाही.

सोमवार : औदुंबर, पलूस, कराड, सातारा

सकाळी औदुंबरला दत्ताचं दर्शन, घाटावर थंडगार वारा. तिथून पलूस. कारखान्यांचा पट्टा सुरू झाला: रस्त्यावर उसाचा चुरा, हवेत मळीचा वास, पाचट जाळल्याचा धूर. आदल्या रात्री सांगलीतून निघण्याचा माझा विचार मामांनी मोडून काढला होता, ते बरंच झालं. हंगामात या रस्त्यांवर अंधार पडल्यावर गाडी चालवू नये. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर नसतो, बंद पडलेली ट्रॉली मागे चार दगड मांडून सोडलेली असते आणि ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्याने चालू असतात की तुमचा हॉर्न तिथवर पोचतच नाही. दिवसा मिळणाऱ्या सौजन्याचा रात्री काही उपयोग नाही, कारण ते दिसत नाही.

सागरेश्वरच्या डोंगराजवळ चढाला आमच्या पुढचा ट्रॅक्टर अडला. मागे दोन ट्रॉल्या काठोकाठ, चढ खडा. पुढची चाकं चक्क जमिनीवरून उचलायला लागली. मागून येणाऱ्या मोटारसायकलींवरची चार पोरं काही न बोलता गाड्या कडेला लावून धावली आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या बंपरवर जाऊन बसली. चाकं खाली आली. हे डोळ्यांदेखत पाहताना पोटात गोळा येतो. कुणी घसरला तर थेट चाकाखाली. मामांनी खिडकीतून शिव्या घातल्या, तेव्हा पोरं उतरली.

मग रीतसर झालं. वरून एक रिकामा ट्रॅक्टर येत होता, त्याला कुणी बोलावलंही नाही. त्याने वळण घेतलं, साखळी काढली, टोचन लावलं. दोन इंजिनांनी मिळून एक ट्रॉली वर नेली, दोघं परत खाली आले, दुसरी नेली. अर्धा तास गेला. या वेळात मामा उतरून दोन्ही बाजूंची वाहतूक बघत होते, पंजा खाली दाबत, अंगठा मागे करत, आणि पोरं ऐकत होती. ऊसतोडीच्या एका टोळीतल्या बाईंनी आम्हाला एकेक कांडं सोलून दिलं. काम झाल्यावर दोन्ही ट्रॅक्टरवाल्यांनी एकमेकांना नुसता हात केला आणि गेले. एकाला कारखाना गाठायचा होता, दुसऱ्याला फड. पैशांचं काही बोलणं झालं का, मी विचारलं. मामांना प्रश्नच कळला नाही.

कराडला दुपारी दोनच्या सुमारास पोचलो. प्रीतिसंगमावर पाच मिनिटं थांबून ढाब्यावर अख्खा मसूर आणि रोटी. या बाजूला येऊन अख्खा मसूर न खाता जाणं बरोबर नाही. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा. पुढे महामार्ग. काच वर घेतली, मामा झोपले.

साताऱ्यात मामी दारातच होत्या. पाणी दिलं, यमाईचा अंगारा कपाळाला लावला आणि यादी मागितली. यादीतली नावं संपली तरी पत्रिकांचा हिशोब लागेना.

"बाकीच्या कुणाला दिल्या?"

"वडूजच्या गाडीचा ड्रायव्हर. त्याचा कंडक्टर. एक दुधाचा टेम्पो... पलूसच्या पुढचे दोघं ट्रॅक्टरवाले. आणि ती पोरं."

"नावं काय त्यांची?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेढ्यांचा बॉक्स उघडत होतो.

"अवो, आचाऱ्याला आकडा काय सांगू मी?"

"धर वीस-पंचवीस जास्ती," मामा म्हणाले, "आणि गाड्या लावायला मोकळं रान बघायला सांग. ट्रॅक्टर बी येतील."